पिशवी काढून टाका म्हणणाऱ्या डॉक्टरसाहेबांस

मु. पो. होटगी,
ता. दक्षिण सोलापूर

माननीय डॉक्टरसाहेब,



पत्रावर तुमचं नाव घातलेलं नाही, राग नसावा. एकाचं नाव घातलं की बाकीच्यांना आपण सुटलो असं वाटतं, आणि सगळ्यांची घालायची तर संपादक एवढी जागा देणार नाहीत. तशी तुम्हाला ओळख पटायला अडचण येऊ नये. 'पिशवी खराब झालीय, काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल' हे वाक्य तुम्ही आठवड्यातून किती वेळा म्हणता ते तुमचं तुम्हाला ठाऊक. आमच्या होटगीत ते बायांना पाठ झालंय. घरात कन्नड बोलणाऱ्या बायासुद्धा तेवढं वाक्य मराठीतच म्हणतात, तुमच्याच शब्दांत.

आधी अभिनंदन करते. कॅन्सर ओळखायचा तर साऱ्या जगाला तपासणी लागते, कधी तुकडा काढून लॅबला पाठवावा लागतो, रिपोर्टची वाट बघावी लागते. तुम्हाला यातलं काहीच लागत नाही. बाईचं वय काय, मुलं किती आणि कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालंय का, एवढं विचारलं की तुम्हाला तिच्या पोटात पुढं दहा वर्षांनी काय होणार ते दिसतं. आमच्या सिद्धेश्वराच्या यात्रेत भाकणूक होते, तीसुद्धा वर्षभरापुरतीच असते हो.

माझी धाकटी जाऊ तुमच्याकडं आली तेव्हा 32 वर्षांची होती. तक्रार काय, तर अंगावरून पांढरं जातंय, ओटीपोट दुखतंय, कंबर धरते. होटगी जंक्शनवरून पॅसेंजर सुटते तिनं ती सकाळीच सोलापूरला पोचली. तुमच्या बाहेरच्या बाकावर दुपारपर्यंत बसली, आत गेली आणि चहा गार व्हायच्या आत बाहेर आली. हातात सोनोग्राफीचा कागद होता. त्यावर इंग्रजीत 'बल्की युटेरस' लिहिलेलं. दोन बाळंतपणं झालेल्या बाईची पिशवी थोडी मोठी दिसली तर त्यात नवल ते काय, हे तिला कुणी सांगितलं नाही. तुम्ही तिच्या नवऱ्याला बोलावून सांगितलंत, 'मुलं झालीत ना? मग आता ठेवून काय करायची? उद्या कॅन्सर झाला तर लाखात जाल.' दीर घाबरला. शेतमजुराच्या घरात कॅन्सर हा शब्द नुसता उच्चारला तरी माणूस सही करतो, हे तुम्हाला चांगलं माहीत आहे. बचत गटाचं कर्ज उचललं, वर एका फायनान्सवाल्याचं घेतलं. आठवड्याचा हप्ता अजून चालू आहे.

ऑपरेशन झालं त्या दिवशी मी तिथं होते. तुमच्या सिस्टरनं स्टीलच्या ट्रेमध्ये पिशवी आणून दाखवली. 'बघून घ्या, केवढी खराब झाली होती.' दीर बघायला तयार होईना, म्हणून मीच बघितली. लालसर, ओली, मुठीएवढी. त्यात खराब काय होतं ते मला समजलं नाही. मी शाळेत भूगोल शिकवला, पॅथॉलॉजी नाही. पण ती लॅबला पाठवणार ना, असं विचारल्यावर सिस्टर हसली. पुढं डिस्चार्ज कार्ड हातात आलं. त्यावर 'टीएएच विथ बीएसओ' असं होतं. घरी येऊन मुलीच्या मोबाईलवर शोधलं तेव्हा कळलं की पिशवीबरोबर दोन्ही बीजकोषही गेले. त्यांच्याबद्दल तुम्ही ना तिला विचारलं, ना नवऱ्याला. 'हिस्टोपॅथॉलॉजी' लिहिलेल्या ओळीपुढं काहीच नव्हतं, कोरी.

तेव्हापासून 32 वर्षांच्या बाईला पन्नाशीतल्या बाईचे त्रास आहेत. रात्री अंगातून वाफा निघतात, गादी भिजते. सांधे धरतात. मन थाऱ्यावर राहत नाही. बीजकोष अवेळी काढले की हाडं लवकर ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो, म्हणून अशा बाईला हार्मोनच्या गोळ्या द्यायच्या की नाही याचा डॉक्टरनं विचार करायचा असतो, हे मला नंतर दुसऱ्या एका डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. तुम्ही सांगितलं होतं ते एवढंच: 'जड उचलू नका.' माघ-फाल्गुनात ज्वारी काढायला जाणाऱ्या बाईला जड उचलू नका म्हणणं म्हणजे जेवू नका म्हणण्यासारखंच, पण ते असो. तुमचा सल्ला फुकट होता, त्याचं मोल कशाला काढा.

आता थोडं शरीरशास्त्र. तुम्हाला शिकवायचा आगाऊपणा नाही, पण पत्र खुलं आहे, बायाही वाचतील. आपल्याकडं बाईला पिशवीच्या ज्या कॅन्सरची भीती घातली जाते तो बहुतेक वेळा पिशवीच्या तोंडाचा, म्हणजे गर्भाशयमुखाचा. भीती खोटी नाही. 2022 च्या जागतिक अंदाजाप्रमाणे देशात वर्षाला सव्वा लाखाहून जास्त बायकांना तो होतो आणि ऐंशी हजारांच्या आसपास मरतात. पण तो येतो एचपीव्ही या विषाणूच्या लागणीतून; हे दाखवून देणाऱ्या हाराल्ड त्सूर हाउझेन यांना 2008 साली नोबेल मिळालं. ही लागण बहुतेक जणींच्या अंगातून वर्ष-दोन वर्षांत आपोआप निघून जाते. थोड्या जणींत ती ठाण मांडून बसते, आणि मग तिच्यातून कॅन्सर व्हायला साधारण 15 ते 20 वर्षं जातात. एचआयव्हीसारख्या आजारानं प्रतिकारशक्ती कमी झाली असेल तर त्याहून लवकर. पंधरा वर्षं, डॉक्टरसाहेब! एवढ्या काळात आमच्याकडं सरपंच तीनदा बदलतो. या मधल्या वर्षांत एकदा-दोनदा जरी नीट तपासलं तरी कॅन्सरच्या आधीचा डाग सापडतो, आणि तो गोठवून किंवा जाळून काढता येतो. भूल नाही, पोट फाडणं नाही, बाई त्याच दिवशी घरी.

गंमत अशी की हे गर्भाशयमुख डोळ्यांना दिसतं. स्पेक्युलम घालायचा, बॅटरी मारायची, बघायचं. पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत मात्र तो आधीचा डाग दिसत नाही. तुम्ही जिथं दिसत नाही तिथं पाहिलंत आणि जिथं दिसतं तिथं पाहिलंच नाहीत. माझ्या जावेला तुम्ही आतून तपासलंच नव्हतं, हे मी तिला खोदून खोदून विचारलं आहे. आणि पांढरं जाण्याचं म्हणाल तर तो बहुतेक वेळा साधा संसर्ग असतो, गोळ्यांनी जातो. एखाद्या संसर्गात नवऱ्यालाही गोळ्या द्याव्या लागतात. नवऱ्याला गोळी घ्यायला लावण्यापेक्षा बायकोची पिशवी काढणं सोपं, हे मात्र मला मान्य आहे.

आणखी एक गोष्ट, जी ऐकून माझी झोप उडाली. समजा कॅन्सर खरोखरच असेल आणि न तपासता नेहमीसारखी पिशवी काढून टाकली, तर ते ऑपरेशन अपुरं ठरतं. कॅन्सरचं ऑपरेशन वेगळं, मोठं असतं, नाहीतर रेडिएशन द्यावं लागतं. आधी अर्धवट हात घातला की पुढचे उपचार अवघड होऊन बसतात. म्हणजे कॅन्सर नसेल तर तुमचं ऑपरेशन नको, आणि असेल तरीही तुमचं ऑपरेशन नको. मग ते नेमकं कुणासाठी होतं, तेवढं कळवावं.

तुम्ही म्हणाल, बाई, हे सगळं परदेशात ठीक, आमच्या खेड्यापाड्यांत असल्या तपासण्या कोण करतं. म्हणून तुम्हाला आपल्याच जिल्ह्यातली हकिगत सांगते. तुमच्या दवाखान्यातून निघालं की दीड-दोन तासांत बार्शी. तिथं 1987 साली टाटा मेमोरियलच्या पुढाकारानं ग्रामीण भागातली देशातली पहिली कॅन्सर नोंदणी सुरू झाली. बार्शी, परंडा, भूम या तीन तालुक्यांतली 346 गावं. नोंदणीची माणसं गावोगाव फिरायची आणि घरात बसून विचारायची: पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं का, संबंधानंतर रक्त जातं का, घाण वासाचं पाणी जातं का. असं काही असेल तर बार्शीला या, लवकर आलात तर बरं होतं, हे सांगायची. ना मशीन, ना औषध, नुसतं विचारणं आणि सांगणं. त्यानंच काही वर्षांत फरक पडला: बाया पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यात दवाखान्यात यायला लागल्या. 1995 साली के. जयंत आदींनी हे आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापलं. बाईशी धड बोललं तरी तिचा जीव वाचायला मदत होते, असा त्या लेखाचा सरळ अर्थ. तुमच्या बाकावर अर्धा दिवस बसलेल्या बाईशी तुम्ही किती बोललात ते वर आलंच आहे.

पुढची गोष्ट त्याहून मोठी. 1999 च्या ऑक्टोबरपासून तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बायकांचा अभ्यास सुरू झाला. बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलचे डॉ. भगवान नेने आणि त्यांचे सहकारी, टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्था, असे सगळे मिळून. गावांचे 52 गट पाडले. काही गटांत एचपीव्हीची चाचणी, काहींत पॅप स्मिअर, काहींत ॲसिटिक ॲसिड लावून नजरेनं तपासणं, आणि काहींत नेहमीसारखं, म्हणजे काहीच नाही. आठ वर्षं पाठपुरावा केला. 2009 च्या एप्रिलमध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये निकाल आला. आयुष्यात एकदाच एचपीव्ही चाचणी ठेवलेल्या गटातल्या 34,126 बायकांत या कॅन्सरनं मृत्यू 34. काहीच न झालेल्या 31,488 बायकांत 64. मृत्यू जवळजवळ निम्मे. आज जागतिक आरोग्य संघटना साऱ्या जगाला सांगते की पहिली तपासणी एचपीव्हीची करा. त्या सल्ल्यामागच्या पुराव्यात धाराशिवकडच्या, तुमच्याकडं येतात तशाच, डोक्यावर पदर घेतलेल्या बाया आहेत.

त्या चौसष्ट जणींचा हिशेब माझ्या मनातून जात नाही. ज्या गटाला तपासणी दिलीच नाही त्यांचं काय, बायांना नीट समजावून संमती घेतली होती का, अशी टीका पुढं झाली आणि ती मला योग्य वाटते. गरीब जिल्ह्यातल्या बाईवर प्रयोग करायचा आणि उत्तर श्रीमंत देशातल्या बाईनं आधी वापरायचं, हे काही बरं नव्हे. पण उत्तर एकदा मिळाल्यावर ते शेजारच्या जिल्ह्यातल्या डॉक्टरनंही वापरू नये? त्याला काय म्हणावं, तुम्हीच सुचवा.

ॲसिटिक ॲसिडची तपासणी त्या अभ्यासात फारशी चमकली नाही, हेही सांगते, नाहीतर तुम्ही तेवढंच धरून बसाल. पण मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा मेमोरियलच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री यांच्या चमूनं तीच तपासणी दर दोन वर्षांनी, नीट देखरेखीखाली केली, तेव्हा मृत्यू 31 टक्क्यांनी कमी झाले. तपासणाऱ्या कोण होत्या? दहावीपर्यंत शिकलेल्या आणि चार आठवडे प्रशिक्षण घेतलेल्या बाया. तीन ते पाच टक्क्यांचं ॲसिटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरच, कापसानं लावायचं, मिनिटभर थांबायचं, पांढरा डाग उठतो का बघायचं. होटगी रोडवर संध्याकाळी चायनीजची गाडी लागते, तिच्यावरही व्हिनेगरची बाटली असते. तुमच्या ओपीडीत नाही. तुमच्या भिंतीवर तुमच्या डिग्र्या आहेत, देवाचा फोटो आहे, औषध कंपनीचं कॅलेंडर आहे.

सरकारलाही मी मोकळं सोडत नाही. तिशीपुढच्या बाईची दर पाच वर्षांनी ही तपासणी आरोग्य केंद्रात व्हावी, असं 2016 पासून कागदावर आहे. आणि 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 30 ते 49 वयाच्या बायकांत कधीतरी एकदा तरी तपासणी झालेल्या निघाल्या 1.9 टक्के. शंभरात दोनही नाहीत. याच पाहणीत पिशवी काढलेल्या बाया शंभरात तीनाहून जास्त आहेत, आणि त्यांतली बहुतेक ऑपरेशनं खासगी दवाखान्यांत झालेली. म्हणजे ज्या देशात पिशवीचं तोंड बघायला वेळ नाही, तिथं पिशवी काढायला मात्र सवड आहे. तुमच्या धंद्याची भरभराट कशावर आहे ते या दोन आकड्यांत आलं.

बीडचं तुम्ही वाचलंच असेल. आमच्या जिल्ह्यात साखर कारखाने ढिगानं, त्यामुळं बीडचे ऊसतोड कामगार सीझनला इकडं येतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि एक दिवस खाडा झाला की दंड भरायचा. फडात आडोसा नाही, पाणी नाही, पाळीच्या दिवसांतही पहाटेपासून वाकून तोडणी आणि डोक्यावर मोळ्या. 2019 साली तिथल्या बायकांच्या पिशव्या काढल्याच्या बातम्या आल्या, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी झाली 82,309 बायकांची. पिशवी काढलेल्या निघाल्या 13,861. दर सहा बायांत एक. कित्येकींना कारण काय सांगितलं होतं, ते तुम्ही न वाचताही सांगाल. या बातम्यांनंतर बीडमध्ये खासगी दवाखान्यांना पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायचा नियम आला.

'पेशंट स्वतःच म्हणते, काढून टाका,' हे तुमचं ठेवणीतलं उत्तर मला माहीत आहे, आणि ते खोटंही नाही. आमच्याकडंही म्हणतात. पाळीत चार दिवस देवघरात जायचं नाही, कापड वाळत घालायला उन्हाची जागा नाही, खुरपणीला गेलं तर मुतायला आडोसा नाही, म्हणून दिवसभर पाणी न पिता काढायचं. वर दर महिन्याला पोट दुखणार आणि एक दिवसाची मजुरी जाणार. अशी बाई 'एकदाची कटकट जाऊ दे' म्हणते, ती पिशवीवर रागावलेली नसते. तिला आडोसा हवा असतो, रक्त वाढवायच्या गोळ्या हव्या असतात, एक दिवसाची भरपगारी सुट्टी हवी असते. यातलं काही तुमच्या हातात नाही, कबूल. पण तिच्या तोंडचं वाक्य ऐकून सुरी उचलणं हे तुमच्या हातात होतं, आणि न उचलणंही.

खरीच गरज असते तेव्हा पिशवी काढावीच लागते. गाठींनी रक्तस्राव थांबत नाही, अंग बाहेर येतं, पिशवीचा कॅन्सर खरोखर निघतो. सोलापुरात असं ऑपरेशन करण्याआधी तीन महिने औषधं देऊन बघणारे, दुसऱ्या डॉक्टरचं मत घेऊन या म्हणणारे, तुकडा तपासायला पाठवल्याशिवाय हात न लावणारे डॉक्टर मला माहीत आहेत. त्यांच्या दवाखान्यात गर्दी तुमच्यापेक्षा कमी असते, याला मी काय करू.

संमतीबद्दल एक जुनी केस सांगते. दिल्लीत 1995 साली एक 44 वर्षांची अविवाहित बाई दुर्बिणीतून तपासणी करून घ्यायला गेली. ती भुलीत असताना डॉक्टरनं बाहेर बसलेल्या आईची संमती घेतली आणि पिशवी, बीजकोष सगळं काढलं. सर्वोच्च न्यायालयानं 16 जानेवारी 2008 रोजी निकाल दिला: शहाणीसुरती, प्रौढ बाई आहे, जीवाला तातडीचा धोका नाही, तेव्हा आईची संमती चालणार नाही, तिची स्वतःचीच हवी, आणि तीही काय करणार, का करणार, दुसरा उपाय काय, हे समजावून सांगितल्यावर. आईची चालत नाही तर नवऱ्याची चालते असं तुम्हाला कुणी सांगितलं? माझ्या जावेनं त्या फॉर्मवर अंगठा नाही, सही केलीय. ती सातवी शिकलेली आहे. फॉर्म इंग्रजीत होता. बीजकोषांचा शब्द त्यात असेल तर तो तिला वाचता आला नाही, आणि नसेल तर तुम्ही ते न विचारता काढलेत. दोन्हीपैकी कुठलं, तुम्ही निवडा.

त्यानंतर डॉ. नरेंद्र गुप्ता यांच्या याचिकेवर, राजस्थान, बिहार आणि छत्तीसगढमधल्या अशाच ऑपरेशनांवरून, सर्वोच्च न्यायालयानं 5 एप्रिल 2023 रोजी सगळ्या राज्यांना केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करायला सांगितली. महाराष्ट्रात 2021 पासून खासगी दवाखान्यात रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायची आहे. तुमच्याकडं ती कुठं लावलीय म्हणून मी सगळीकडं शोधलं. फिश टँकच्या मागं सापडली. मासे छान आहेत.

लसीचं थोडक्यात, कारण तिथं तुम्हाला कमाई नाही. नऊ ते चौदा वयाच्या मुलीला लागण होण्याआधी एचपीव्हीची लस दिली तर या कॅन्सरला कारणीभूत असलेल्या मुख्य प्रकारांपासून तिचं संरक्षण होतं. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं देशी लस बनवली, 2022 साली तिला मंजुरी मिळाली. एक डोस पुरतो की तीन लागतात हा प्रश्न जगाला पडला होता, त्याचं उत्तर देणाऱ्या भारतातल्या अभ्यासाचं एक केंद्र पुन्हा बार्शीच होतं. दहा वर्षांनंतरही एका डोसचं संरक्षण टिकलेलं निघालं. आणि तो अभ्यास एका डोसपाशी आला तो अपघातानं. 2010 साली तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मममधल्या लसीच्या प्रकल्पावरून गदारोळ झाला, सरकारनं लसींचे अभ्यास थांबवले आणि अनेक मुलींचे पुढचे डोस राहून गेले. खम्मममधल्या मुलींचे मृत्यू लसीनं झाल्याचं चौकशीत निघालं नाही, पण वसतिगृहातल्या मुलींच्या संमतीच्या फॉर्मवर वॉर्डननं सह्या केल्याचं निघालं. बाई असो की मुलगी, तिच्या अंगाचा कागद तिला सोडून दुसऱ्यानंच सही करायचा, ही आपली जुनी रीत. माझ्या जावेची थोरली लेक तेरा वर्षांची आहे. तिची लस घेणार आहोत. आईच्या ऑपरेशनच्या कर्जाच्या तुलनेत ती स्वस्तच पडेल.

आता काम. या पत्रासोबत माझ्या जावेचा सहीनिशी अर्ज तुमच्या दवाखान्याच्या पत्त्यावर स्पीड पोस्टानं वेगळा पाठवत आहोत. तिचे सगळे कागद हवेत: ओपीडीची नोंद, सोनोग्राफीची फिल्म, संमतीचा फॉर्म, ऑपरेशनची नोंद, भूलतज्ज्ञाचा कागद, बिलं. वैद्यकीय परिषदेच्या 2002 च्या नियमांप्रमाणे मागणी आल्यापासून 72 तासांत ते द्यायचे असतात. पिशवी लॅबला पाठवली असेल तर तिचा रिपोर्ट द्या. पाठवली नसेल तर 'पाठवली नाही' असं लेटरहेडवर, तुमच्या नोंदणी क्रमांकासकट लिहून द्या. तोंडी नको. तोंडी आम्ही तुमचं खूप ऐकलंय.

कळावे,
तुमच्या एका पेशंटची थोरली जाऊ

ता. क. येत्या सोमवारी आमच्या गल्लीतल्या बाया एकत्र गर्भाशयमुखाची तपासणी करून घ्यायला जाणार आहेत, तुमच्याकडं नाही. त्यांतल्या दोघींना तुम्ही पुढच्या महिन्यातल्या ऑपरेशनची तारीख दिलेली आहे. ती तूर्त मोकळी धरावी आणि ॲडव्हान्स परत करावा. पावत्या आमच्याकडं आहेत.